आधी पाय, मग डोकं : कवट्या मोजणाऱ्या आणि वारीत चालणाऱ्या इरावतीबाई कर्वे

कोसाड (सूरत) : तापी ओलांडून सुरतच्या उत्तरेला आलं की अमरोलीच्या पुढे कोसाड लागतं. पूर्वीचं हे गाव आता शहरात मिसळून गेलं आहे. सकाळी कामाच्या वेळेला रस्त्यावर गुजराती, हिंदी, उडिया कानावर पडते आणि मधूनच खान्देशी वळणाची मराठीही. धुळे, नंदुरबार, जळगावकडून पोटापाण्यासाठी आलेली माणसं सुरतच्या अशा अनेक वस्त्यांमध्ये राहतात. लूमवर काम करणारा कारागीर अख्खी पाळी उभ्यानेच काढतो. संध्याकाळी घरी आल्यावर पाय ठणकतात, कंबर धरते. बाम चोळून झोपायचं आणि सकाळी पुन्हा उभं राहायचं.

ही कंबरदुखी नुसत्या लूमची नाही. तिचं मूळ फार जुनं आहे. लाखो वर्षांपूर्वी माणसाचे पूर्वज चार पायांवरून दोन पायांवर आले, तेव्हापासून पाठीचा कणा अख्ख्या शरीराचा भार उभ्याने पेलतो आहे. पण त्याच उभं राहण्यामुळे दोन हात मोकळे झाले आणि त्या हातांनी पुढे दगडाची हत्यारं केली, शेती केली, माग चालवले. माणूस माणूस झाला तो डोक्यामुळे की पायांमुळे, या प्रश्नावर विसाव्या शतकाची निम्मी वर्षं शास्त्रज्ञ भांडत होते. आणि याच काळात एक मराठी बाई हातात मोजमापाची साधनं घेऊन माणसाची हाडं तपासत होती. ती म्हणजे डॉ. इरावती कर्वे.

मराठी वाचकांना इरावतीबाई माहीत आहेत त्या 'युगान्त'मुळे. महाभारतातल्या माणसांवरच्या या पुस्तकाला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण त्यांचा मूळ व्यवसाय लेखन नव्हता. त्या मानवशास्त्रज्ञ होत्या. माणसाचं शरीर, त्याची जात, त्याची नाती आणि त्याच्या पूर्वजांची हाडं हा त्यांचा विषय. या कामात त्यांचा गुजरातशी दोनदा फार जवळचा संबंध आला, ही गोष्ट मात्र सुरतेतल्या मराठी माणसांनाही फारशी ठाऊक नसते.

इरावदीच्या काठावर जन्म

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या मिंज्यान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. ब्रह्मदेशातल्या इरावदी नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. म्हणजे पोटासाठी घर सोडून परमुलखात गेलेल्या मराठी कुटुंबातलाच हा जन्म. सुरतेत जन्मलेल्या आणि तापीचं पाणी पिऊन वाढलेल्या मराठी मुलांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

सात वर्षांची असताना तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात पाठवण्यात आलं. तिथे शकुंतला परांजपे ही मैत्रीण मिळाली. शकुंतलेचे वडील म्हणजे रँग्लर र. पु. परांजपे, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. पुढे इरावती त्यांच्याच घरी राहिली. घरात पुस्तकं होती, वादविवाद होते, देवाधर्माबद्दल मोकळेपणाने बोलणं होतं. १९२६ साली तिने फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. केलं. मग मुंबई विद्यापीठात प्रा. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा अभ्यास सुरू केला आणि १९२८ मध्ये चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून एम.ए. मिळवलं.

याच काळात तिचं लग्न दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झालं. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव. विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या, स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणाऱ्या महर्षींची सून होणं म्हणजे सगळे रस्ते मोकळे, असं कुणालाही वाटेल. पण तसं झालं नाही.

अमरेलीच्या डॉक्टरांचं कर्ज

इरावतीबाईंना जर्मनीला जाऊन डॉक्टरेट करायची होती. महर्षींना हे पसंत नव्हतं. स्त्रियांच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या घरातही सुनेने सातासमुद्रापार जाणं सोपं नव्हतं. दिनकरराव मात्र बायकोच्या पाठीशी उभे राहिले. प्रश्न पैशांचा होता.

तो सुटला एका गुजराती माणसामुळे. अमरेलीत जन्मलेले, गांधीजींचे डॉक्टर म्हणून ओळखले जाणारे डॉ. जीवराज मेहता यांनी कर्ज दिलं. हेच जीवराजभाई १ मे १९६० रोजी गुजरात राज्य झालं तेव्हा त्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. म्हणजे बघा, मराठीतल्या पहिल्या महत्त्वाच्या महिला मानवशास्त्रज्ञाच्या शिक्षणाच्या खात्यावर पहिली मोठी जमा आहे ती एका गुजराती माणसाच्या नावाची. दोन राज्यांच्या वाटणीच्या गप्पा मारताना ही नोंद विसरू नये.

१९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला पोचल्या. वय तेवीसच्या आसपास. परकी भाषा, कडाक्याची थंडी, आणि अभ्यासाला मिळाल्या माणसांच्या कवट्या.

बर्लिनच्या १४९ कवट्या

बर्लिनच्या डालेम भागात कैसर विल्हेल्म संस्थेची मानवशास्त्राची शाखा नुकतीच, १९२७ मध्ये सुरू झाली होती. तिचे प्रमुख होते ऑयगेन फिशर. वंश या विषयातलं त्या काळचं मोठं नाव. युरोपातले गोरे लोक इतरांपेक्षा बुद्धीने वरचे असतात आणि ते शरीरावरून मोजून दाखवता येतं, या विचाराचे ते मोठे पुरस्कर्ते. पुढे नाझी राजवटीने ज्या वंशशास्त्राच्या नावाखाली लाखो लोकांना मारलं, त्याला विद्वत्तेचा मुलामा देण्याचं काम याच संस्थेत झालं.

फिशर यांची अटकळ अशी होती की, गोऱ्या माणसाच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग मोठा असतो, म्हणून त्याची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, एका बाजूला जरा जास्त फुगीर असते. इतर वंशांमध्ये हा फरक दिसणार नाही, असं त्यांना वाटत होतं. इरावतीबाईंना दिलेला विषय हाच : कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. त्यात युरोपातल्या माणसांच्या होत्या आणि युरोपाबाहेरच्याही, काही तर आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून उचलून आणलेल्या. एकेक कवटी हातात घ्यायची, दोन्ही बाजूंची मापं घ्यायची, वहीत मांडायची. कंटाळवाणं आणि मन खिन्न करणारं काम. आकडे मात्र स्पष्ट होते. कवटी एका बाजूला कमी-जास्त असणं ही सगळ्याच माणसांची गोष्ट निघाली. त्याचा वंशाशी संबंध लागत नव्हता.

इथे खरा पेच होता. प्रबंधाचे मार्गदर्शक फिशर, संस्थेचे प्रमुख फिशर, पदवी त्यांच्याच हातात. कर्ज काढून आलेली, गुलाम देशातली एक तरुण मुलगी. साहेबांना आवडेल तसं गोलमाल लिहून पदवी घेऊन घरी परतणं सोपं होतं. इरावतीबाईंनी आकडे जे सांगत होते तेच लिहिलं. दोन वर्षांनी डॉक्टरेट घेऊन त्या परत आल्या आणि १९३१ साली प्रबंध प्रसिद्ध झाला.

मोठ्या डोक्याचं वेड

हे काम किती महत्त्वाचं होतं हे समजायला त्या वेळचा जगाचा समज बघावा लागतो. त्या काळात डोक्याला फार भाव होता. माणूस वानरापासून वेगळा झाला तो आधी मेंदू मोठा झाल्यामुळे, मग तो उभा राहिला, असं बऱ्याच मोठ्या शास्त्रज्ञांचं मत होतं. एकदा मेंदू आधी म्हटलं की पुढची पायरी सोपी होते : ज्यांचं डोकं मोठं ते पुढारलेले, बाकीचे मागास.

या मताला बळ देणारा एक पुरावाही होता. १९१२ साली इंग्लंडमध्ये पिल्टडाउन या गावी जुनी कवटी सापडल्याचं जाहीर झालं. कवटी माणसासारखी मोठी आणि जबडा वानराचा. बस्स, मेंदू आधी वाढला हे सिद्ध झालं, आणि तेही इंग्लंडात, म्हणून तिथले विद्वान खूश झाले. चाळीस वर्षांनी, १९५३ मध्ये उघड झालं की तो निव्वळ बनाव होता. माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा घासून, रंगवून कुणीतरी जमिनीत ठेवला होता.

उलटा पुरावाही होता, पण त्याला विचारतंय कोण! युजेन द्युब्वा या डच डॉक्टरला जावा बेटावर त्रिनिल इथे १८९१ मध्ये एका कवटीचा वरचा भाग आणि १८९२ मध्ये मांडीचं हाड मिळालं होतं. कवटी आजच्या माणसापेक्षा लहान, पण मांडीचं हाड सरळ चालणाऱ्याचं. मग १९२५ मध्ये, इरावतीबाई फर्ग्युसनमध्ये शिकत असताना, दक्षिण आफ्रिकेतल्या रेमंड डार्ट यांनी ताऊंग इथे सापडलेल्या एका लहान मुलाच्या कवटीबद्दल लिहिलं. मेंदू वानराएवढाच. पण कवटी मणक्यावर ज्या जागी बसते ते छिद्र बरंचसं खालच्या बाजूला होतं.

हे छिद्र म्हणजे मोठी खूण. कुत्रा किंवा बैल बघा, त्याचं डोकं मानेच्या पुढे लटकतं, म्हणून कवटीचं छिद्र मागच्या बाजूला असतं. माणसाचं डोकं मणक्याच्या वर, खांबावर हंडा ठेवावा तसं बसतं, म्हणून छिद्र तळाशी मधोमध येतं. म्हणजे पायाचं एकही हाड मिळालं नाही तरी कवटी खालून बघून प्राणी कसा चालत होता याचा अंदाज येतो. डार्ट यांचं म्हणणं होतं की ताऊंगचं ते मूल दोन पायांवर चालत होतं. बहुतेकांनी ते उडवून लावलं. ते मान्य व्हायला वीसेक वर्षं गेली.

इरावतीबाई कवट्या मोजत होत्या ते दिवस असे होते. माणूस आधी उभा कसा राहिला हा त्यांच्या प्रबंधाचा विषय नव्हता. पण डोक्याच्या मापावरून माणसांची उतरंड लावायची जी रीत होती, तिच्या एका महत्त्वाच्या दाव्यात आकडे बसत नाहीत, हे त्यांनी तिच्याच घरात बसून दाखवून दिलं.

लांघणजच्या वाळूतली माणसं

परत आल्यावर इरावतीबाईंनी १९३१ ते १९३६ सासऱ्यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केलं. फायली, परीक्षा, हिशोब. १९३९ मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झालं आणि त्या तिथे आल्या. त्याच वर्षी तिथे आले पुरातत्त्वाचे प्राध्यापक हसमुख धीरजलाल सांकलिया. एक कर्वे, एक सांकलिया. एक मराठी, एक गुजराती. आणि दोघांनी मिळून जे खोदलं ते गुजरातेत.

उत्तर गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात लांघणज नावाचं गाव आहे. गावाबाहेर वाळूचे टेकाड. १९४१ पासून सांकलियांनी गुजरातेत अश्मयुगीन जागांचा शोध सुरू केला होता, त्यात ही जागा मिळाली. पुढच्या मोहिमांमध्ये इरावतीबाई सामील झाल्या. उन्हातान्हात, वाळूत बसून त्या काळात एक बाई हाडं उकरते आहे हे गावकऱ्यांनी काय नजरेने पाहिलं असेल, याची कल्पनाच करावी.

टेकाडात गारगोटीसारख्या दगडाची बारीक पाती मिळाली, नखाएवढी. हरीण, नीलगाय, अगदी गेंड्याचं हाडही मिळालं. म्हणजे आज जिथे रखरखीत वाळू आहे तिथे कधीकाळी गेंडा राहील इतकं पाणी आणि गवत होतं. आणि मिळाले माणसांचे सांगाडे. पाय दुमडून, कुशीवर निजवावं तसे पुरलेले. शेती न करणारी, शिकार करून आणि कंदमुळं वेचून जगणारी ही माणसं. त्यांनी आपली मेलेली माणसं टाकून दिली नव्हती, नीट निजवली होती.

सांगाडे बघायचं काम इरावतीबाईंचं. ही माणसं हजारो वर्षांपूर्वीची, लाखो वर्षांपूर्वीची नव्हेत. ती तुमच्याआमच्यासारखीच पूर्ण माणसं होती, सरळ उभी राहून चालणारी. भारतात अश्मयुगीन संस्कृतीच्या थरात असे सांगाडे शास्त्रीय पद्धतीने खोदून काढल्याच्या सुरुवातीच्या घटनांपैकी ही एक. १९४९ साली सांकलिया आणि कर्वे यांनी मिळून यावर अमेरिकेतल्या मानवशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात लेख लिहिला आणि लांघणजचं नाव जगात पोचलं. त्याआधी १९४७ मध्ये दिल्लीला भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये इरावतीबाई मानवशास्त्र विभागाच्या अध्यक्ष होत्या.

खान्देशापासून पंढरपूरपर्यंत

हाडांबरोबर जिवंत माणसंही त्यांनी मोजली. महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या जातीजमातींची उंची, डोकं, नाक यांची मापं घेत त्या गावोगाव फिरल्या. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्याबरोबर केलेलं त्याचं पुस्तक १९५१ मध्ये आलं. पश्चिम खान्देशातल्या, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारच्या भिल्लांचाही त्यांनी अभ्यास केला. एसटी मिळेल तिथे एसटीने, नाही तर बैलगाडीने, नाही तर पायी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वंशाची उतरंड त्यांनी नाकारली, पण मोजमापावरून माणसांचे गट पाडायची जर्मनीत शिकलेली पद्धत त्यांनी पुढेही बरीच वर्षं वापरली. आजचे अभ्यासक यावर टीका करतात आणि ती चुकीची नाही. आता हे काम जनुकांवरून होतं आणि तिथे माणसामाणसातला फरक फारच थोडा निघतो. पण या फिरण्यातून इरावतीबाईंच्या हाती जे लागलं ते मोलाचं होतं. एकाच नावाच्या जातीतले लोक जागोजागी वेगळे दिसतात. कुंभार म्हणजे सगळे एका वंशाचे असं नाही. निरनिराळे गट धंद्याच्या एका नावाखाली एकत्र आले असावेत, असं त्यांनी मांडलं.

१९५३ मध्ये भारतातल्या नातेसंबंधांवरचं त्यांचं मोठं पुस्तक आलं. नात्यागोत्यांच्या रिवाजांवरून त्यांनी देशाचे चार विभाग पाडले. त्यात गुजरात आणि महाराष्ट्र एकाच मधल्या पट्ट्यात येतात. उत्तरेकडे मामाच्या मुलीशी लग्न म्हणजे अशक्य गोष्ट. महाराष्ट्रात अनेक जातींत ते पसंतीचं. आणि काठियावाडातल्या काही जातींतही ते चालतं. म्हणजे लग्नाच्या चालीरीती राज्याच्या नकाशाप्रमाणे तुटत नाहीत, त्या हळूहळू बदलत जातात. नवापूर-उच्छल भागात राहणाऱ्याला हे पुस्तक न वाचताही माहीत असतं.

आणि मग वारी. देवाधर्माचं फारसं न मानणाऱ्या घरात वाढलेल्या इरावतीबाई ज्ञानोबांच्या पालखीबरोबर पंढरपूरच्या वाटेने चालल्या. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपासची ही वाट. डोक्यावर बोचकं, हातात टाळ, कडेवर मूल आणि पायाखाली रस्ता. त्यांना तिथे भोळी, प्रेमळ माणसं भेटली. पण एकाच दिंडीत ब्राह्मणांचं जेवण वेगळं आणि बाकीच्यांचं वेगळं हेही दिसलं आणि ते त्यांच्या मनाला लागलं. त्यांनी ते झाकून न ठेवता लिहिलं. या अनुभवावरचा त्यांचा लेख १९६२ मध्ये इंग्रजीत आल्यावर परदेशातल्या अभ्यासकांना वारी म्हणजे काय ते कळलं.

याच वाटेवर त्यांना महाराष्ट्राची नवी व्याख्या सापडली. जिथले लोक पंढरपूरला चालत जातात तो महाराष्ट्र, असा तिचा अर्थ. सरहद्दीच्या दगडांवर नाही, माणसांच्या पायांवर केलेली ही व्याख्या. मुक्ताईनगरहून निघणाऱ्या मुक्ताईच्या पालखीत आषाढात जो चालतो, तो पोटासाठी सुरतेत राहत असला तरी इरावतीबाईंच्या हिशोबाने महाराष्ट्रातच असतो.

स्कूटरवरच्या आजीबाई

पुण्यात इरावतीबाई आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होत्या. नऊवारी-पाचवारीच्या त्या काळात त्या स्कूटर चालवत. कुंकू, मंगळसूत्र वापरत नसत आणि नवऱ्याला नावाने हाक मारत. लोक बोलत, त्या लक्ष देत नसत. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या त्यांच्या दोन्ही मुली पुढे लेखिका झाल्या. जाईबरोबर त्यांनी कोयना धरणात गाव गेलेल्या लोकांची पाहणी केली, तिचा अहवाल १९६९ मध्ये निघाला. घर सोडून निघालेल्या माणसांचं काय होतं हा प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. उकाईच्या धरणात ज्यांची गावं बुडाली त्या तापीकाठच्या लोकांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय ६४.

त्या गेल्यानंतर मिळालेला निकाल

त्या गेल्या तेव्हाही मेंदू आधी की पाय हा प्रश्न पुरता सुटला नव्हता. भारताकडेही डोळे लागले होते. १९३२ मध्ये शिवालिकच्या टेकड्यांत एका प्राण्याच्या जबड्याचा तुकडा सापडला होता. त्याला रामाच्या नावावरून रामापिथेकस म्हटलं गेलं आणि १९६० च्या दशकात तर तो माणसाचा सगळ्यात जुना पूर्वज असं शाळेच्या पुस्तकांतही आलं. पुढे जास्त हाडं मिळाल्यावर तो ओरांगउटानच्या घराण्यातला ठरला.

निकाल आला आफ्रिकेतून. १९७४ मध्ये इथिओपियात हदार इथे एका मादीचा बराचसा सांगाडा मिळाला. तिला ल्युसी हे नाव पडलं. ३२ लाख वर्षांपूर्वीची. तिच्या जातीचा मेंदू आपल्या मेंदूच्या साधारण एकतृतीयांश, चिंपांझीपेक्षा फार मोठा नाही. पण कंबर आणि गुडघा सरळ चालणाऱ्याचा. १९७८ मध्ये टांझानियात लाएतोली इथे ज्वालामुखीच्या राखेत उमटून दगड झालेली पावलंच मिळाली, ३६ लाख वर्षांपूर्वीची. अंगठा बाजूला फाकलेला नाही, आपल्यासारखा पुढे. आधी टाच टेकलेली, मग चवडा. शेताच्या ओल्या बांधावर उमटतं तसं पाऊल. वाद मिटला. माणूस आधी उभा राहिला, डोकं फार नंतर मोठं झालं.

का उभा राहिला, यावर अजून एकमत नाही. हवामान बदलून जंगल विरळ झालं, झाडाझाडातलं अंतर वाढलं. तेव्हा जमिनीवरून लांब जायला दोन पाय स्वस्त पडतात. तेवढंच अंतर चालायला माणसाला चिंपांझीच्या साधारण चौथा हिस्सा ताकद लागते. हात मोकळे राहिले तर खाणं आणि पोर उचलून नेता येतं. यातलं एकच कारण खरं असेल असं नाही, सगळी मिळूनही असतील. आणि हे काही एका दिवसात कुणी ठरवून झालं नाही, लाखो वर्षं लागली.

फायद्याबरोबर तोटाही आला. कंबर, गुडघे यांच्यावर भार आला. चालण्यासाठी ओटीपोटाचं हाड आटोपशीर झालं आणि पुढे मुलाचं डोकं मोठं होत गेलं, त्यामुळे बाळंतपण अवघड झालं. इतर प्राणी बहुधा एकट्याने वितात, माणसाच्या बाईला दुसरीचा हात लागतो. सुईण हा माणसाच्या जुन्यातल्या जुन्या व्यवसायांपैकी एक असावा, तो यामुळेच.

आपल्या भागाचाही या इतिहासात वाटा आहे. १९८२ मध्ये मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हथनोरा इथे अरुण सोनकिया या भूशास्त्रज्ञांना अश्मयुगीन मानवाच्या कवटीचा तुकडा मिळाला. भारतात मिळालेली ही अशी पहिलीच जुनी कवटी. नंदुरबारच्या उत्तर सीमेवरून वाहत पुढे भरूचला समुद्राला मिळते तीच ही नर्मदा. ही कवटी बघायला इरावतीबाई नव्हत्या.

माणसाची किंमत त्याच्या डोक्याच्या मापावर, त्याच्या वंशावर, जातीवर, बोलीवर लावायची खोड अजून गेलेली नाही. नवख्या गावात भाड्याने खोली मागायला गेलेल्या माणसाला आधी आडनाव विचारलं जातं, मग गाव. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजून जे लिहिलं, त्याला आता शंभर वर्षं होत आली. त्या वेळी मोजपट्टी त्यांच्या हातात होती आणि पदवी दुसऱ्याच्या, तरी त्यांनी मोजपट्टी वाकवली नाही.

कोसाडच्या रस्त्यावर सकाळी जी पावलं पडतात त्यात गुजराती कुठली आणि खान्देशी कुठली, हे पावलावरून कुणालाच सांगता येणार नाही. लाएतोलीच्या राखेतही तसं काही उमटलेलं नाही. तिथे उमटलंय एवढंच की, बरोबरीने काही जण चालत गेले.